मजकूर बंद, माग उघडा

समजा, एका मोकळ्या माळावर सहा जण पांगले आहेत. प्रत्येकाच्या हातात एक उपकरण आहे. टॉवर नाही, राउटर नाही, इंटरनेटही नाही. उपकरणं रेडिओवरून थेट एकमेकांशी बोलतात आणि लांबच्याला निरोप धाडायचा असेल तर मधली उपकरणं तो हातोहात पुढे पोचवतात. निरोप कडेकोट कूटबद्ध, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला आहे. तो कुणालाही फोडता येणार नाही, असंच धरून चालू.

माळाच्या कडेला एक माणूस दिशा ओळखणाऱ्या दोन-तीन अँटेना लावून बसला आहे. निरोपातलं एक अक्षरही त्याला वाचता येत नाही. त्याच्या वहीत फक्त एवढं उतरतं :

10:42:07.113 – पश्चिमेकडून, 612 बाइट
10:42:07.119 – मधून, 612 बाइट
10:42:07.126 – पूर्वेकडून, 612 बाइट
10:42:09.840 – पूर्वेच्या टोकावरून, 96 बाइट
10:42:09.846 – पूर्वेकडून, 96 बाइट
10:42:09.852 – मधून, 96 बाइट

या सहा ओळी पुन्हा एकदा सावकाश वाचा. पश्चिमेच्या उपकरणाआधी कुणीच बोललं नव्हतं, म्हणजे निरोप तिथून सुटला. सहा-सात मिलिसेकंदांनी तेवढ्याच लांबीचं पॅकेट, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, मधून निघालं आणि मग पूर्वेकडून, म्हणजे ही दोघं नुसती पोचवणारी. टोकावरच्या उपकरणाने ते 612 बाइट पुढे धाडलेच नाहीत. पावणेतीन सेकंदांनी तिथून 96 बाइट उलट वाटेने परत आले. निरोप टोकावरच्या माणसासाठी होता आणि त्याने 'हो' किंवा 'निघतो' असं काहीतरी तोकडं उत्तर दिलं, हे आता वहीवाल्याला ठाऊक आहे.

ही वही आठवडाभर भरत राहिली तर आणखी उलगडा होतो. रोज पहिलं पॅकेट कुठून सुटतं, त्यावर किती जण उत्तर देतात, कोण सगळ्यांना सांगतो आणि कोण फक्त ऐकतो. गटाचा म्होरक्या कोण, निरोप्या कोण आणि नवा कोण आला, हे एकही कुलूप न फोडता कळतं. यालाच ट्रॅफिक अ‍ॅनालिसिस म्हणतात, म्हणजे मजकूर न वाचता नुसत्या रहदारीवरून अर्थ काढणं. एरवी 'सुतावरून स्वर्ग' आपण उतावळ्या तर्काला म्हणतो. इथे मात्र सूत पुरेसं लांब असलं की स्वर्ग खरोखरच गाठता येतो.

'निरोप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे' हे वाक्य वाचून अनेक जण निर्धास्त होतात. एन्क्रिप्शन काय बोललं ते झाकतं. कोण, कुणाशी, कधी, किती आणि कुठून बोललं, ते झाकत नाही. साक्षीदार, बातमीदार, छळातून सुटू पाहणारी बाई, निदर्शनाला आलेला विद्यार्थी यांच्यासाठी पुष्कळदा दुसरी गोष्टच जास्त धोक्याची असते. म्हणून हा विषय फक्त संशोधकांच्या टेबलावर राहू नये असं मला मनापासून वाटतं.

माळावरच्या त्या सहा उपकरणांच्या जाळ्याला मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'डार्पा' या संस्थेने 1970 च्या दशकातच पॅकेट रेडिओचं असं जाळं उभं केलं होतं. 1997 मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने यासाठी वेगळा कार्यगट नेमला. सैनिकांच्या तुकड्या, आपत्तीत उतरलेली बचाव पथकं, एकमेकींना इशारे देणाऱ्या गाड्या, टॉवरविना चालणारी फोनवरची मेश अ‍ॅप्स ही सगळी याच कुळातली. या जाळ्यात प्रत्येक जण ग्राहक आणि प्रत्येक जण टपालवाला. तुमचं पत्र शेजाऱ्याच्या हातून जाणार आणि जाताना भोवतालची सगळी हवा ते ऐकणार.

मग पत्ता कसा शोधतात? इथेच पहिली गळती आहे. एओडीव्ही ही या क्षेत्रातली गाजलेली पद्धत, 2003 मध्ये आयईटीएफच्या आरएफसी 3561 या दस्तऐवजात प्रसिद्ध झालेली. कुणाशी बोलायचं असेल आणि वाट ठाऊक नसेल तर तुमचं उपकरण भोवती हाकारा देतं : 'अमक्याकडे जायची वाट कुणाला माहीत आहे?' ऐकणारा प्रत्येक जण तोच हाकारा पुढे देतो, असं करत तो जाळ्यात पसरतो. त्या हाकाऱ्यात विचारणाऱ्याचा पत्ता असतो, ज्याला शोधायचं त्याचाही असतो आणि 'आतापर्यंत किती टप्पे झाले' हा आकडाही असतो. हाकारा पहिल्यांदा सुटतो तेव्हा हा आकडा शून्य असतो. ज्याच्या अँटेनावर शून्य पडला त्याला विचारणाऱ्याचं नाव तर कळलंच, शिवाय तो इथेच जवळपास आहे हेही कळलं. दुसरी पद्धत डीएसआर. तिच्यात कोणाकोणाच्या हातून जायचं ती अख्खी वाटच पॅकेटच्या डोक्यावर लिहिलेली असते. या पद्धती आखणाऱ्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न होता तुटत्या-हलत्या जाळ्यात वाट सापडेल कशी हा, आणि तो त्यांनी उत्तम सोडवला.

पत्ते लपवले तरी खालच्या थरात, म्हणजे शेजारच्या दोन उपकरणांच्या थेट रेडिओ-देवाणघेवाणीत, दुसरी गळती आहे. साध्या वायफायमध्ये एखाद्याच्या नावे पाठवलेलं पॅकेट मिळालं की त्याने लगेच पोच द्यायची असते. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मधलं अंतर ठरलेलं आहे, 10 मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात दुसऱ्या कुणी मध्ये बोलायचं नाही, असा नियमच आहे. म्हणजे पॅकेटवर कितीही खोटं नाव लिहा, ज्या दिशेने ती इवलीशी पोच उमटली तिकडे ते घेणारा आहे, हे ऐकणाऱ्याला आयतं कळतं.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण आजच्या उपायांतली निम्मी अक्कल तिच्यात आहे.

1941 साली हवाई बेटावर अमेरिकन नौदलाची एक गुप्तवार्ता तुकडी जपानी आरमाराची बिनतारी रहदारी ऐकत असे. जपानी नौदलाच्या संकेतलिपीतलं फारसं काही तेव्हा वाचता येत नव्हतं. पण प्रत्येक जहाजाला रेडिओवर एक खूण, म्हणजे टोपणनाव असे, आणि कोणती खूण कुणाशी किती बोलते यावरून कोणतं जहाज कुठे आहे याचा अंदाज बांधला जाई. नावं बदलली तरी मुरलेला ऐकणारा मोर्सची कळ दाबणाऱ्याचा 'हात' ओळखत असे. प्रत्येकाची लय वेगळी, अक्षरसुद्धा वेगळं असतं तशी.

1 नोव्हेंबरला जपानी आरमाराने सगळ्या खुणा बदलल्या. 1 डिसेंबरला पुन्हा बदलल्या. महिन्याभरात दोनदा हे नेहमीचं नव्हतं, त्यामुळे ऐकणाऱ्यांना काहीतरी शिजतंय याचा वास आला. पण विमानवाहू जहाजं कुठे आहेत हे मात्र सांगता येईना. ती जहाजं 26 नोव्हेंबरलाच कुरील बेटांवरून निघाली होती आणि रेडिओवर पूर्ण गप्प होती. 2 डिसेंबरला नौदलाच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याने आपल्या अ‍ॅडमिरलला तसं कबूल केलं. 7 डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला.

नाव बदलणं इथे एकटं उपयोगी पडलं नाही, उलट त्यानेच संशय जागवला. मौनही एकटं पुरलं नसतं. जुनी खूण विझली, मध्ये बराच काळ शांतता गेली आणि नवी खूण उमटली तेव्हा ती कोणत्या जुन्याची हे जोडणारा धागाच शिल्लक राहिला नाही. दोन्ही मिळून काम झालं. बिनतारी अनामिकतेच्या आजच्या संशोधनात या उपायाला 'मूक काळ' असंच नाव आहे : टोपणनाव बदलायचं तर आधी थोडा वेळ गप्प बसायचं, आणि शक्य तर अशा जागी जिथे इतरही तेच करताहेत.

उलटा डावही त्याच दुसऱ्या महायुद्धात खेळला गेला. 1944 मध्ये दोस्त राष्ट्रांनी अमेरिकन जनरल पॅटनच्या नावाने इंग्लंडच्या आग्नेय भागात एक अख्खा सैन्यगट कागदावर उभा केला आणि नसलेल्या तुकड्यांमध्ये खरी वाटेल अशी रेडिओची रहदारी चालू ठेवली. रहदारी ऐकणाऱ्याला रहदारीनेच फसवायचं. आजच्या भाषेत ही बनावट पॅकेटं, म्हणजे कव्हर ट्रॅफिक.

संगणकांच्या जगात या विचाराला पक्की बैठक दिली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी, 1981 मध्ये. त्यांची युक्ती अशी : मध्ये एक टपालघर ठेवा, त्याला 'मिक्स' म्हणू. पत्रं आली की ती लगेच धाडायची नाहीत. पुरेशी साठू द्यायची, प्रत्येकाचं पाकीट काढून आतलं दुसरं पाकीट मोकळं करायचं, सगळी एका मापाची ठेवायची, क्रम विस्कटायचा आणि मग एकदम बाहेर सोडायची. आत गेलेलं कोणतं आणि बाहेर आलेलं कोणतं, याची सांगड बाहेरून घालता येत नाही. पुढे अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत 1990 च्या दशकात पाकिटात पाकीट, त्यात पाकीट अशी ओनियन राउटिंगची पद्धत बनली आणि त्यातून टॉर हे ओळख लपवून इंटरनेट वापरू देणारं जाळं आलं. टॉरमध्ये पत्रं साठवून ठेवत नाहीत, कारण ब्राउझर वापरणाऱ्याला वाट पाहवत नाही. त्याची किंमतही रचनाकारांनी 2004 च्या शोधनिबंधात मोकळेपणी मांडली आहे : जो दोन्ही टोकांवर नजर ठेवू शकतो, तो वेळा जुळवून जोडी ओळखू शकतो.

इंटरनेटवर दोन्ही टोकांवर नजर ठेवायला फार मोठी ताकद लागते. केबल खंडांतून पसरलेल्या, कंपन्या निराळ्या, देश निराळे. माळावर तसं काही नाही. सगळं हवेत आहे आणि आवाक्यातली हवा ऐकायला चार अँटेना पुरतात. संशोधक ज्याला 'सर्वत्र कान असलेला विरोधक' म्हणतात आणि इंटरनेटवर टॉरसारख्या रचना ज्याला तोंड द्यायचा दावा करत नाहीत, तो अ‍ॅड हॉक जाळ्यात परवडणारा प्राणी आहे. म्हणूनच इंटरनेटवरचं कवच उचलून इथे चढवलं की ते अंगाला बसत नाही. चॉम यांचं टपालघर चालायला भरपूर पत्रं लागतात, इथे सहा जण आहेत. टपालघर जागेवर लागतं, इथे टपालवाले स्वतःच चालताहेत, आणि बॅटरीवर.

2003 मध्ये जिएजुन काँग आणि शियाओयान हाँग यांनी खास या जाळ्यांसाठी एक पद्धत मांडली, एएनओडीआर. तिची रचना मला फार देखणी वाटते. हाकाऱ्यात ना विचारणाऱ्याचं नाव, ना शोधायच्या माणसाचं. त्याऐवजी असतं एक कुलूपबंद कोडं, ज्याची किल्ली फक्त योग्य माणसाकडे आहे. हाकारा हातोहात जाताना प्रत्येक जण त्यावर आपला एक थर चढवतो, जो फक्त त्यालाच काढता येतो. कोडं सुटलं की उत्तर त्याच वाटेने परतीला निघतं आणि प्रत्येक जण आपला थर ओळखून सोलतो. त्याच वेळी शेजारच्या दोघांपुरतं एक टोपणनाव ठरतं. नंतरच्या पॅकेटांवर फक्त ते त्या टप्प्यापुरतं नाव असतं आणि पुढच्या टप्प्यावर ते बदलतं. मधल्या कुणालाच ठाऊक नसतं की निरोप मुळात कुणाचा आणि कुणाला. पॅकेटं सगळ्या शेजाऱ्यांना उद्देशून सोडली जातात, त्यामुळे 10 मायक्रोसेकंदांची ती चहाडखोर पोचही टळते. एरवी शत्रूला मदत करणारी उघडी हवा इथे आपल्या बाजूने वळते : सगळेच ऐकत असतील तर खरा ऐकणारा कोण?

पण आपली सहा ओळींची वही आठवा. तिच्यात नावं नव्हतीच. वेळ, दिशा आणि लांबी होती. नाव पुसलं तरी 612 बाइट आत आणि सहा मिलिसेकंदांनी 612 बाइट बाहेर हे दिसतंच. लांबी सगळ्यांची सारखी करता येते, वेळ थोडी मागेपुढे करता येते. तरी दिवसेंदिवसाची नोंद ठेवणाऱ्यापुढे हा उशीरही फार टिकत नाही.

त्याचं गणित सोपं आहे आणि ते पाहिल्याशिवाय या विषयाची खोली कळत नाही. अनामिकता म्हणजे घोळक्यात मिसळणं. समजा, तुमच्यासोबत जाळ्यात आणखी 64 जण आहेत आणि कुणीतरी एका ठरावीक माणसाला निरोप धाडतंय. निरोप पोचला त्या सुमाराला जे गप्प होते त्यांना वहीवाला खोडतो. दर वेळी साधारण निम्मे गप्प असतील तर पहिल्या निरोपानंतर घोळक्यात 32 उरतात, मग 16, 8, 4, 2. सहाव्या निरोपाला तुमच्यासोबत एखादाच उरतो. कोणतंही एन्क्रिप्शन न मोडता, फक्त खोडरबराने. तुम्ही जितके नेमाने एकाच माणसाशी बोलाल तितकी ही चाळण बारीक होते, आणि माणसं नेमाने त्याच माणसांशी बोलतात.

यावर खरा उतारा एकच : बोलायचं असो वा नसो, प्रत्येकाने ठरल्या वेळी ठरल्या मापाचं पॅकेट सोडत राहायचं. मग खोडायला कुणी गप्पच सापडत नाही. पण हिशेब करा. 50 उपकरणं, दर सेकंदाला प्रत्येकी 500 बाइट. कुणी काहीही बोलत नसताना हवेत सेकंदाला 2 लाख बिट, आणि टप्प्याटप्प्याने पुढे धाडायचं झालं तर त्याच्या कितीतरी पट. रेडिओची हवा सामाईक असते, एक बोलतो तेव्हा जवळपासच्यांना थांबावं लागतं. शिवाय प्रत्येक बनावट पॅकेटमागे खरीखुरी बॅटरी जळते. 2018 मध्ये चार संशोधकांनी हे गणिताने बांधून दाखवलं : भक्कम अनामिकता, कमी उशीर आणि कमी वायफळ रहदारी या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, कुठल्यातरी एकीवर पाणी सोडावं लागतं. बिनतारी जाळ्यात ही कोंडी जास्त जाचते, कारण तिथे उशीरही महाग आणि बॅटरीही महाग.

आणि यात एक गोष्ट आहे जी मला तांत्रिकपेक्षा माणसांची वाटते. एकट्याला एन्क्रिप्शन करता येतं, एकट्याला अनामिक होता येत नाही. तुम्हाला लपवायला इतरांनी बोलत राहावं लागतं. ज्याला आज लपायचं काही नाही त्याने आपली बॅटरी खर्चून बनावट पॅकेटं सोडली, तरच उद्या ज्याला खरंच लपायचंय त्याला आडोसा मिळतो.

आता जाळं हलतं आहे, याचं काय? त्याने फायदाही होतो आणि तोटाही. अनेक उपकरणं एका चौकात आली, तिथे सगळी गप्प झाली आणि नवी नावं घेऊन बाहेर पडली, तर आत गेलेला कोण आणि बाहेर आलेला कोण याचा गोंधळ उडतो. अशा जागांना 2003 पासून 'मिक्स झोन' म्हणतात, आणि गाड्यांच्या जाळ्यांसाठी त्यांचा बराच विचार झाला आहे. पण गाडी सेकंदाला दहा वेळापर्यंत आपली जागा आणि वेग सांगत असते, तेही सुरक्षेसाठी. नुसतं नाव बदललं तर वेगावरून पुढची जागा काढून नवं नाव जुन्याला चिकटवता येतं. चौकात गप्प बसावं, तर नेमकी तिथेच टक्कर टाळायला बोलण्याची गरज जास्त.

शिवाय हललं की वाटा तुटतात. वाट तुटली की नवा हाकारा. प्रत्येक हाकारा म्हणजे वहीत नवी ओळ.

टोपणनावं बदलायची तर ती सगळ्या थरांत एकाच क्षणी बदलावी लागतात. फोनमध्ये 2014 पासून, आयफोनची आयओएस 8 ही प्रणाली आली तेव्हापासून, वायफाय शोधताना खरा हार्डवेअर पत्ता न सांगता बनावट पत्ता वापरायची पद्धत आली. चांगली गोष्ट. पण नंतर संशोधकांनी दाखवलं की पत्ता बदलला तरी काही फोनांत पॅकेटांचा अनुक्रमांक तसाच पुढे चालू राहतो. 411 नंतर नव्या नावाने 412 आला की नाव बदलून काय साधलं? 2020 मध्ये अ‍ॅपल आणि गूगलने साथीच्या संपर्कशोधासाठी जी ब्लूटूथ पद्धत बनवली, तिच्यात हा धडा घेतलेला दिसतो : साधारण दर 15 मिनिटांनी फिरती ओळख आणि ब्लूटूथचा पत्ता एकदम बदलत, म्हणजे एकाच्या आधाराने दुसऱ्याला जोडता येत नसे. याच्याही खाली रेडिओच्या सुट्या भागांतला सूक्ष्म फरक उरतो. एकाच साच्यातून निघालेल्या दोन उपकरणांचे सूर किंचित वेगळे लागतात, आणि चांगला रिसीव्हर ते ओळखू शकतो. मोर्सवाल्याचा 'हात' इथेही आहे, फक्त आता तो सिलिकॉनचा आहे.

प्रत्यक्षात घात होतो तो मात्र बहुधा इतक्या खोलवर नसतो. ब्रिजफाय हे टॉवरविना चालणारं मेश अ‍ॅप अनेक देशांतल्या निदर्शनांच्या काळात सुचवलं जात होतं. 2020 मध्ये लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासलं. निरोप वाचता येण्याच्या त्रुटी तर निघाल्याच, पण पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची ओळखही पॅकेटवर उघडी होती. गर्दीत उभं राहून कोण कुणाशी बोलतंय याचा नकाशा काढता आला असता. ज्यांनी विश्वासाने ते फोनवर घेतलं, त्यांच्यासाठी हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

म्हणून असं एखादं अ‍ॅप कुणाला सुचवण्याआधी 'एन्क्रिप्टेड आहे का' एवढ्यावर थांबू नका. पॅकेटवर कोणती ओळख उघडी आहे, ती किती वेळाने बदलते आणि बदलताना ब्लूटूथचा पत्ताही सोबत बदलतो का, लांबी झाकली जाते का, आणि आसपास हे अ‍ॅप वापरणारे तुम्ही एकटेच असाल तर काय, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठलंच अ‍ॅप देऊ शकत नाही. एकट्याचा घोळका होत नसतो.

आता त्या माळावर सगळे उपाय लावून पाहू. सगळी पॅकेटं एका मापाची, ठरल्या वेळी, खरी-खोटी मिसळून, नावं टप्प्याटप्प्याला बदलणारी. वहीत दर सेकंदाला सहा दिशांकडून सहा सारख्या नोंदी पडताहेत. त्यात वाचण्यासारखं काहीच नाही. 10:58 ला पूर्वेच्या टोकावरचा ठिपका विझतो, बहुधा बॅटरी संपली. उरलेल्या पाच नोंदी पूर्वीसारख्याच येत राहतात. मात्र दोन मिनिटांनी पश्चिमेच्या ठिपक्याची दिशा सरकू लागते. त्याची पॅकेटं अजूनही इतर चौघांसारखीच आहेत, फक्त ती आता पूर्वेच्या टोकाकडे चालली आहेत.